आजीच्या दारातले दोन दगड

श्रोतेहो, ज्यू म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल आठवतील. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. इथे ते आपल्यातलेच होऊन राहिले. पोलंडमधल्या ज्यूंचे नशीब निराळे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथे त्यांची संख्या सुमारे ३३ लाख होती. त्यांतले जवळजवळ ३० लाख नाझींनी मारले. त्या संहारातून वाचलेल्या एका आजीचे घर पाहायला निघालेल्या दोन नातवांची गोष्ट आज सांगायची आहे.

चित्रपटाचे नाव 'अ रिअल पेन'. तो २०२४ साली आला. लेखन-दिग्दर्शन जेसी आयझेनबर्ग यांचे. नावाचे अर्थ दोन: एक खरेखुरे दुःख, आणि दुसरा, आपण एखाद्याला 'डोकेदुखी' म्हणतो ना, तसला माणूस!

डेव्हिड आणि बेंजी हे अमेरिकेतले चुलतभाऊ. डेव्हिड नोकरी-संसारात रुळलेला, अबोल. बेंजी बोलका, मायाळू, पण आतून पार मोडलेला. काही महिन्यांपूर्वी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेला. आजीने मागे ठेवलेल्या पैशांतून दोघे पोलंडला जातात. बेंजीची भूमिका करणाऱ्या कीरन कल्किन यांना २०२५ साली ऑस्कर मिळाले.

आगगाडीत पहिल्या वर्गाचा डबा मिळतो, तेव्हा बेंजी बिथरतो. ज्या मुलखात आपल्या माणसांना गुरांसारखे डब्यांत कोंबून नेले, तिथे आपण गाद्यांवर बसून जायचे? डेव्हिडला भर डब्यात लाज वाटते. आपल्याला हसू येते, आणि पाठोपाठ घशाशी काही अडकते. प्रश्न तर खराच आहे ना!

पुढे लुब्लिन शहराच्या कडेला माय्दानेकची छळछावणी येते. चित्रपटभर शोपँचे पियानोवादन ऐकू येते. इथे मात्र ते थांबते. मारल्या गेलेल्या माणसांच्या पादत्राणांचे ढीग नुसते दिसत राहतात. दिग्दर्शक एक शब्द जास्त बोलत नाही.

शेवटी आजीचे घर सापडते. साधेसुधे, रस्त्याकडेचे. ज्यू लोक कबरीवर फुलांऐवजी दगड ठेवतात. तसा एकेक दगड हे दोघे आजीच्या दारात ठेवतात. तोच समोरचा शेजारी हटकतो: त्या घरात एक म्हातारी राहते, अडखळून पडेल! दोघे मुकाट्याने दगड उचलतात. डेव्हिड आपला दगड न्यूयॉर्कला नेतो आणि स्वतःच्या दारात ठेवतो. हे चित्रण आयझेनबर्ग यांच्या पूर्वजांच्याच घरापाशी झाले आहे.

मला वाटते, सारा चित्रपट या दगडांत आहे. मेलेल्यांची आठवण ठेवायची, पण तिने आज जगणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. आणि उलटही खरे. आजीने एवढे भोगले, मग तुला कसले दुःख, असे बेंजीला म्हणता येत नाही. पूर्वजांच्या डोंगराएवढ्या दुःखाने नातवाचे दुःख खोटे ठरत नसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात युद्धाचा धडा शिकवताना ३० लाखांचा आकडा सांगालच. त्याबरोबर या एका घराची गोष्टही सांगा. आकडा मुले परीक्षेपुरता लक्षात ठेवतील. ती म्हातारी अडखळेल म्हणून उचललेले दगड मात्र विसरणार नाहीत. आणि मुलांना घरी जाऊन आजीला विचारू द्या, की तुझे लहानपणीचे घर कुठे होते? तिला सांगायचे असते. विचारणारा भेटत नाही, इतकेच.