चर्च, महाजाल आणि प्रत्यक्ष भेट



कोणत्याही धर्मसंस्थेचा अभ्यास करताना तिच्या तत्त्वज्ञानाइतकेच तिच्या कार्यपद्धतीकडेही लक्ष द्यावे लागते. कॅथलिक चर्च म्हणजे कर्मठ, बदलाला नकार देणारी संस्था, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. संपर्कसाधनांच्या बाबतीत तो टिकत नाही. मार्कोनीने उभारलेले व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र १९३१ साली सुरू झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ अवतरले आणि १२ डिसेंबर २०१२ रोजी ८५ वर्षांच्या पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ट्विटरवर पहिला संदेश टाकला. पुढच्याच महिन्यात तेथे लॅटिन भाषेतील खातेही उघडले गेले!

महाराष्ट्र-गोव्याला यात नवल वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. ओवी हे त्या काळचे लोकमाध्यम होते, हे त्याने नेमके हेरले होते.

आज गावोगावच्या चर्चचे फेसबुक पान असते, प्रार्थनाविधी यूट्यूबवर दिसतो, व्हॉट्सॲपच्या गटावर वेळापत्रक आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची विनंती फिरते. यासाठी खर्च जवळजवळ नाही. लागतो तो एखाद्या उत्साही तरुणाचा वेळ. लंडनला जन्मलेला आणि मिलानमध्ये वाढलेला कार्लो अकुतिस असाच एक शाळकरी मुलगा. पवित्र प्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ त्याने घडविले. २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने, अवघ्या पंधराव्या वर्षी तो गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत घोषित केले.

परंतु खरा विचार करण्याजोगा भाग याच्या पुढे आहे. इतकी साधने स्वीकारणाऱ्या चर्चने एक रेषा मात्र ओलांडू दिलेली नाही. २००२ मध्येच व्हॅटिकनने स्पष्ट केले होते की, महाजालावर संस्कारविधी होऊ शकत नाहीत. पापनिवेदन धर्मगुरूसमोर प्रत्यक्षच करावे लागते. दूरध्वनी, ई-पत्र चालत नाही.

या भूमिकेची कसोटी २०२० साली लागली. महामारीने चर्चची दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी, पाऊस पडत असताना, सेंट पीटरच्या ओस पडलेल्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले आणि जगभरच्या लोकांनी ते दृश्य पडद्यावर पाहिले. मरणासन्न रुग्णापर्यंत धर्मगुरू पोहोचू शकत नव्हता. तरीही नियम शिथिल करून दूरध्वनीवर पापनिवेदन मान्य केले गेले नाही. धर्मगुरू मिळत नसेल, तर मनापासून पश्चात्ताप करावा आणि शक्य होताच प्रत्यक्ष पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, ही जुनीच शिकवण पुन्हा सांगण्यात आली. हा निर्णय कठोर वाटेल. कित्येक कुटुंबांना तो तसा वाटलाही असेल. १७ एप्रिलला तर फ्रान्सिस यांनी पडद्यावरून प्रार्थना ऐकणाऱ्यांनाच बजावले की, समाजावाचून आणि संस्कारांवाचून राहिलेली श्रद्धा धोक्याची आहे, हा केवळ आणीबाणीचा मार्ग आहे. रिकाम्या चर्चमध्ये ईस्टर साजरा करण्यावरून एका बिशपने आपल्याला कसे खडसावले, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सर्वोच्च पदस्थाला असे बोलणारा सहकारी मिळणे, हे त्या संस्थेचे भाग्यच म्हटले पाहिजे.

फुकट साधनांच्या किमतीचाही विचार तेथे झाला आहे. समाजमाध्यमांवर माणूस ग्राहक असतो तसाच विकाऊ मालही असतो, असा इशारा व्हॅटिकनने मे २०२३ च्या निवेदनात दिला. त्या निवेदनाचा आधार आहे बायबलमधील दयाळू शोमरोनी माणसाची कथा: वाटेत जखमी होऊन पडलेल्याला पाहून दोघे बाजूने निघून जातात, तिसरा थांबतो, जखमा बांधतो आणि त्याला उतारशाळेत पोहोचवतो. त्याआधी २०१० मध्ये, धर्मगुरूंनी नवी माध्यमे जरूर वापरावीत असे सांगतानाच बेनेडिक्ट यांनी लिहिले होते की, धर्मगुरूची ओळख माध्यमकौशल्यापेक्षा त्याच्या धर्मगुरूच्या अंतःकरणावरून पटावी.