शरदांतले पाहुणे

आश्विन सरत आला, मानोऱ्याच्या शिवारांत सोयाबीनची सोंगणी आटोपली, कीं दूरदेशचे पंखधारी पाहुणे उतरूं लागतात. पाण्याकांठीं शेपटी हालवीत फिरणारा धोबी सर्वांच्या ओळखीचा. परंतु विशेष लक्ष द्यावें असा पाहुणा म्हणजे भोवत्या. हा सडपातळ शिकारी पक्षी गवतावरून थोड्याच उंचीनें संथ तरंगत जातो आणि नाकतोडे, उंदीर टिपतो. यांतील कित्येक कझाकस्तानच्या मैदानांतून येतात.

दिवस मावळला कीं भोवत्या झाडाचा आश्रय घेत नाहीं. माळावरील उंच गवतांत, जमिनीवरच, सोबत्यांसह तो रात्र काढतो. ज्या माळास आपण 'पडीक' म्हणतों, तोच त्याचा बिछाना होय. तो नांगरला किंवा पेटविला, तर या पाहुण्यानें जावें कोठें? शेजारच्या कारंजा तालुक्यांत सोहोळचें काळवीट अभयारण्य २००० सालीं झालें, तेथें सुमारें १८ चौरस किलोमीटर प्रदेश राखला आहे. परंतु पक्षी तेवढ्यावरच राहत नाहींत.

गांवानें मनावर घेतलें तर काय घडतें, हें नागालँडनें दाखविलें. दोयांग जलाशयापाशीं २०१२ सालीं हजारों अमूर ससाणे जाळ्यांत पकडून मारले गेले. दुसऱ्याच वर्षीं गांवकऱ्यांनीं ती शिकार थांबविली. हेच ससाणे पुढें महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेस जातात. मानोऱ्याच्या गांवांनीं गवताचा एखादा पट्टा फाल्गुनापर्यंत न जाळतां राखला, तर पाहुण्यांस निवारा मिळेल आणि पिकांवरील नाकतोडेही कमी होतील.