घोरणे आणि रक्तातली साखर

मंडळी, आज आम्ही झोपेविषयी बोलणार आहोत. कोणी म्हणेल, "गुरुजी, झोपेत काय सांगण्यासारखं आहे? दिवसभर बांधीत राबलं, बाजेवर पडलं, की झोप लागते." खरे आहे. पण झोपलेल्या माणसाचा श्वास कसा चालतो, ते कधी ऐकले आहे का?

आपल्याकडे घोरणाऱ्याला सुखी समजतात. पुष्कळदा घोरणे साधेच असते. पण एखादा मोठ्याने घोरतो आणि मध्येच आवाज बंद पडतो. श्वासच थांबतो. दहा-वीस सेकंद सारे गप्प. मग तो दचकतो, मोठा श्वास ओढतो आणि पुन्हा घोरू लागतो. तासाला पाच किंवा अधिक वेळा असे झाले, तर तो आजार धरतात. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण झोपेतली श्वासबंदी म्हणू.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते. मानेत चरबी असली तर वाट आणखी अरुंद होते. बांधीचा पाट गाळाने बुजावा, तसेच हे. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरतो. कोक्याच्या जंगलात वाघ पुढ्यात आला म्हणजे अंगात जे रस उसळतात, तेच आता उसळतात. रक्तदाब चढतो. पळायला बळ हवे म्हणून यकृत रक्तात साखर सोडते. पण पळायचं कुठं? माणूस तर बाजेवरच आहे! साखर रक्तातच राहते. ती कामी लावणारे इन्सुलिनही नीट लागू पडत नाही. रोज रात्री असे चालले म्हणजे मधुमेहाला वाट मिळते. शिवाय दिवसा पेंग येते, हालचाल कमी होते, पोट सुटते, आणि घसा आणखी दाटतो.

हा लठ्ठ माणसांचाच रोग, असे समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि लंडनच्या एका डॉक्टर मित्राची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातली चरबी मित्राची शंभरात नऊ भाग, याज्ञिकांची एकवीस! आपली चरबी अशी लपून बसते. त्याच वर्षी मुंबईच्या डॉ. झरीर उडवाडिया यांची पाहणी प्रसिद्ध झाली. मध्यम वयाच्या शंभर पुरुषांत सात-आठ जणांना श्वासबंदी आणि दिवसाची पेंग, दोन्ही असल्याचा तिचा अंदाज होता.

झोपणाऱ्याला यातले काही कळत नाही. कळते ते घरच्या बाईला. म्हणून बायांनो, दवाखान्यात तुम्ही सोबत जा आणि काय ऐकले ते सांगा. डॉक्टरपुढे नवरे "मला काही नाही" एवढेच म्हणतात.

आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. झोपेची तपासणी नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत होते. आजार निघाला, तर नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र मिळते. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते दाखवले. त्याने झोप सुधारते, रक्तदाबही थोडा उतरतो. साखर मात्र त्यानेच उतरेल असे धरू नये. गोळ्या बंद करू नयेत. वजन घटवावे, कुशीवर झोपावे, रात्री दारू घेऊ नये. दारूने घसा जास्तच सैल पडतो.

ज्याला दिवसा पेंग येते, त्याच्या हाती तपासणी होईतो ट्रॅक्टर देऊ नका. तुमसरला धान न्यायचे असेल, तर दुसरा चालक पाहा.