शिष्यवृत्ती आणि आईचा वेळ

(बंगळूर येथील मराठी भाषक सभासदांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्ती म्हटली की शुल्क, पुस्तके आणि वसतिगृह यांचा हिशेब मांडला जातो. शिक्षण अर्धवट सोडून संसारात पडलेल्या, मुले झालेल्या स्त्रीला वर्गात परत आणायचे असेल तर हा हिशेब अपुरा ठरतो. तिला पैसा लागतो, त्याहून अधिक वेळ लागतो. आणि तिचा वेळ चुलीपाशी व पाळण्यापाशी गहाण पडलेला असतो. तो सोडवायचा कोणी, हा खरा प्रश्न आहे.

बंगळुरात हा प्रश्न जुना आहे. म्हैसूर संस्थानातील अगदी पहिल्या पदवीधर स्त्रियांपैकी एक, कमलम्मा दासप्पा, यांनी विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. मॅट्रिकचा अभ्यास थोड्या काळात पुरा करून घेणारा खास वर्ग महिला सेवा समाजातर्फे चालवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. त्यामागील मर्म साधे आहे. पंचविशीची बाई लहान मुलींच्या बाकावर बसून पुन्हा आठ वर्षे काढू शकत नाही.

त्यांची नात राजेश्वरी चटर्जी (जन्म १९२२) या कर्नाटकातील पहिल्या स्त्री अभियंता. १९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर त्या मिशिगन विद्यापीठात गेल्या, १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि येथील भारतीय विज्ञान संस्थेत मायक्रोवेव्ह संशोधनाचा पाया घातला. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. परंतु शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्या अविवाहित होत्या आणि आजीच्या पिढीपासून घर शिकलेले होते, हेही नोंदवले पाहिजे. आजीने ज्यांच्यासाठी वर्ग काढला त्या स्त्रियांपाशी यांपैकी काहीच नव्हते.

महाराष्ट्रात पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण आहे. विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा. बहीण बाया कर्वे यांच्या आधाराने त्या पुण्यात शिकल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव निधी जमवला आणि १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे घरकाम करून त्यांनी दिवस काढले. पार्वतीबाईंना शिष्यवृत्ती कोणी दिली नव्हती. बहिणीचे घर हीच त्यांची शिष्यवृत्ती. असे घर किती जणींच्या वाट्यास येते? शिवाय हिंगण्याचे दार आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरतेच उघडे होते. शेतमजूर विधवेचा विचार त्या सुधारणेत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी काही अंशी राज्यसंस्थेने पत्करली. दुर्गाबाई देशमुख यांच्या पुढाकाराने केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. ग्रामसेविका, परिचारिका, शिक्षिका हव्या होत्या आणि किमान शिकलेल्या स्त्रिया मिळत नव्हत्या, ही नियोजनाची निकड त्यामागे होती. योजना तोकडी होती, तरी तिने दान मागायला लावले नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते मंडळच बंद करण्याचा निर्णय घेतला.

सोव्हिएत सत्तेने १९१९ पासून कामगार विद्याशाखा, म्हणजे ‘राबफाक’, काढल्या आणि विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या कामगार-शेतकऱ्यांना निर्वाह वेतन देऊन तयार केले. त्याच वर्षी लेनिनने सार्वजनिक भोजनालये व बालसंगोपनगृहे यांना साम्यवादाचे अंकुर म्हटले, ते स्त्रीच्या या अडकलेल्या वेळाकडे पाहूनच.

आज आपल्याकडे संशोधक स्त्रीला काही सवलती मिळाल्या आहेत. खंड पडलेल्या वैज्ञानिक स्त्रियांसाठी २००२-०३ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना आली. २०१६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आणि दोन वर्षांची वाढीव मुदत दिली. या मागण्या रास्तच आहेत. मात्र त्यांचा लाभ दहावीत शाळा सुटलेल्या शिलाई कामगारणीपर्यंत पोहोचत नाही.

आणि नेतृत्वाचे म्हणाल तर याच शहराने एप्रिल २०१६ मध्ये काय पाहिले? भविष्य निर्वाह निधी काढण्यावर बंधने घालणाऱ्या नियमाविरुद्ध तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९ एप्रिलला सरकारने तो नियम मागे घेतला. त्यांत कितीतरी आया होत्या. अशा स्त्रीला पुढे कायदा शिकायचा असेल, कामगार न्यायालयात आपल्या सहकाऱ्यांची बाजू मांडायची असेल, तर तिच्यासाठी बुडालेला पगार भरून देणारी आणि पाळणाघरासह असणारी शिष्यवृत्ती मागितली पाहिजे. युनियनच्या मागणीपत्रकात बोनसच्या खाली तिला एक ओळ मिळायला हरकत नाही.

तोवर आपल्या हातचे एक काम आहे. आपले अभ्यासवर्ग संध्याकाळी सात वाजता भरतात, म्हणजे नेमके घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी. आणि स्त्री सभासद येत नाहीत अशी तक्रार अहवालात केली जाते. पुढील वर्ग रविवारी दुपारी घ्यावेत. शेजारच्या खोलीत मुलांना सांभाळण्याची पाळी पुरुष सभासदांनी आपसांत लावून घ्यावी. पहिल्या महिन्याची यादी आजच करता येईल.