जड पाणी, हलकं पाणी

पाण्याची पारख करायला मराठीनं आपल्याला किती शब्द दिलेत! गोडं पाणी, खारं पाणी, मचूळ पाणी, जड पाणी, हलकं पाणी. शाळेच्या पुस्तकानं त्यात सुफेन आणि दुष्फेन अशा दोन भारदस्त शब्दांची भर घातली. साबणाचा फेस होऊ देणारं ते सुफेन, न होऊ देणारं ते दुष्फेन. मी शब्दांत रमणारा माणूस, मला हे शब्द आवडतात. पण ते सगळे जिभेनं, हातानं आणि डोळ्यांनी ओळखलेले आहेत. माणसाला आजारी पाडणारं पाणी मात्र पुष्कळदा या तिघांनाही चकवतं. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं आमचं इंझोरी. या मुलखात जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग याच खडकाचा आहे. आभाळातून पडणारं पाणी हलकं असतं. ते मातीतून, खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. तेच विहिरीत, बोअरमध्ये आणि शेवटी घरच्या नळाला येतं. म्हणून तूरडाळ लवकर शिजत नाही. कारण कॅल्शियम डाळीचा दाणा मऊ होऊ देत नाही. साबण फेसाळण्याऐवजी त्याचा चिकट साका होतो. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. आमच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथलं दुखणं खारटपणाचं. जडपणा वेगळा, खारटपणा वेगळा.

हा जडपणा मोजता येतो. भारतीय मानकानुसार एका लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत काठिण्य चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र आरोग्याच्या कारणासाठी काठिण्याची मर्यादा घातलेली नाही. म्हणजे जड पाणी गृहिणीचा वेळ, साबण आणि गॅस खातं. पण ते विष नव्हे.

आणि नेमकी इथंच आपली फसगत होते. पांढरा थर दिसतो, म्हणून आपण घाबरतो. कुणी दारात येऊन पाण्यात मीटर बुडवतो, मोठा आकडा दाखवतो आणि यंत्र विकून जातो. तो आकडा विरघळलेल्या एकूण क्षारांचा असतो. त्यात जंतू मोजले जात नाहीत. रोजंदारीवर जाणारं कुटुंबसुद्धा मग थंड पाण्याचा कॅन विकत घेतं. त्या कॅनचं पाणी कोणी, कधी तपासलं, हे मात्र विचारत नाही. घरच्या आरओ यंत्रातून जेवढं पाणी हाती येतं, त्याहून जास्त बहुधा मोरीत जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हे परवडेल का?

खरा धोका दिसत नाही. गटाराशेजारून गेलेली फुटकी पाइपलाइन, पावसाळ्यात विहिरीत उतरणारं घाण पाणी, यातून कावीळ आणि हगवण येते. ते पाणी चवीला गोड आणि डाळीला उत्तम असू शकतं. शेतातल्या खतांतून, उकिरड्यातून येणारा नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात पिवळे पडतात, पुढं हाडं धरतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांनी हे भोगलं आहे. पाणी उकळलं तर जंतू मरतात, थोडा जडपणाही खाली बसतो. पण नायट्रेट आणि फ्लोराइड तसेच राहतात. तुरटीनं गढूळपणा जातो, जडपणा नाही.

मग करायचं काय? विचारायचं. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं दर गावात 5 महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ठाऊक आहे? जलसुरक्षक नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, हे ओटी चाचणीनं पाहतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर टीसीएल टाकलेलं नाही, किंवा पुरलेलं नाही. राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपलं कोणतं, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. अहवाल भिंतीवर लावायला सांगा. डाळीसाठी म्हणाल, तर पावसाळ्यात पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघालं की पुढचं पाणी स्वच्छ टाकीत धरा, गाळून उकळा. डाळ लवकर शिजेल.

घरातली माय-बहीण पाण्याला नावं ठेवते, ती अनुभवानं. तिच्या हाती त्या पाण्याचा तपासणी अहवालही पडायला हवा. पाणी जड असलं तर कष्ट वाढतात. ते दूषित असलं तर घरातलं माणूस जातं. या दोहोंतला फरक गावातल्या प्रत्येक घराला कळला पाहिजे.