गिएरेक : कामगारांतून आलेला, कामगारांपासून तुटलेला

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)



पोलंडचे कम्युनिस्ट नेते एडवर्ड गिएरेक हे खाणकामगाराचे पुत्र. वडील खाणीतील अपघातात गेले. गिएरेक स्वतः फ्रान्स आणि बेल्जियममधील खाणींत राबले. संपात भाग घेतल्याबद्दल १९३४ साली फ्रान्सने त्यांना हद्दपार केले. कामगाराचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. म्हणूनच त्यांच्या पतनाचा विचार आपण समाजवाद्यांनी अधिक बारकाईने केला पाहिजे.

डिसेंबर १९७० मध्ये, नाताळच्या तोंडावर, गोमुल्का सरकारने खाद्यपदार्थांचे भाव वाढविले. ग्डान्स्क, ग्दिनिया, श्चेचिन येथील कामगार रस्त्यावर उतरले. आणि कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चाळीसहून अधिक माणसे मेली. गोमुल्का गेले, गिएरेक आले. जानेवारीत ते श्चेचिनच्या गोदीत जाऊन कामगारांशी बोलले. तरीही भाववाढ मागे घेतली गेली ती फेब्रुवारीत, लॉड्झच्या कापडगिरण्यांतील स्त्रियांनी संप केल्यानंतरच.

पुढचे धोरण कागदावर निर्दोष होते. पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज घ्यावे, यंत्रसामग्री आणावी, तिच्यातून निघालेला माल पश्चिमेलाच विकून कर्ज फेडावे. काही वर्षे वेतन वाढले, दुकाने भरली. परंतु १९७३ च्या तेलसंकटानंतर पश्चिमेत मंदी आली, माल खपेना, व्याज मात्र चढत गेले. १९८० पर्यंत परकीय कर्ज वीस अब्ज डॉलरांपलीकडे पोहोचले. इकडे खाद्यपदार्थांचे भाव गोठविलेले, त्यामुळे अनुदानाचा बोजाही वाढत होता.

जून १९७६ मध्ये भाववाढ जाहीर झाली. रादोम व उर्सुस येथे उद्रेक होताच ती एका दिवसात मागे घेण्यात आली; मात्र संपकऱ्यांना मारहाण झाली, अनेकांना कामावरून काढले, तुरुंगात टाकले. त्यांच्या साहाय्यार्थ त्याच वर्षी बुद्धिमंतांनी समिती स्थापिली. कामगार आणि विचारवंत यांची ही गाठ १९८० साली निर्णायक ठरली. जुलैत मांस महागले. ऑगस्टमध्ये ग्डान्स्कच्या गोदीत संप झाला. एकवीस मागण्यांतील पहिली मागणी मांसाची नव्हती. ती पक्षापासून स्वतंत्र असलेल्या कामगार संघटनांची होती. ३१ ऑगस्टला करार झाला आणि ६ सप्टेंबरला गिएरेक पदच्युत झाले. १९८१ मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकले. डिसेंबरात लष्करी कायदा पुकारताना जारुझेल्स्कींनी ‘सॉलिडॅरिटी’च्या कार्यकर्त्यांबरोबर त्यांनाही स्थानबद्ध केले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी कर्जाच्या हिशेबाकडे बोट दाखवीन. ते खरेही आहे. परंतु चुकीचा हिशेब कोणत्याही राज्यात होतो. तो चुकतो आहे हे वेळीच सांगण्याचा हक्क ज्या राज्यात कामगारालाच नसतो, तेथे ते सांगण्यास संपाखेरीज मार्ग उरत नाही. लोकशाहीवाचून समाजवाद म्हणजे नुसती मालकाची अदलाबदल होय. हा धडा पोलंडच्या कामगारांनी रक्त सांडून दिला आहे. तो आपण विसरू नये.