डोंगराची पहिली ओळख

(मयूर विहार, दिल्ली येथे बालवाडी शिक्षिका व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मयूर विहारातील बालकाला ‘डोंगर कोठे आहे?’ असे विचारले, तर ते बहुधा चित्राच्या पुस्तकाकडे बोट दाखवील. ही वसाहत यमुनेच्या सपाट पूरमैदानालगत वसलेली आहे. परंतु ही यमुना बंदरपूंछ पर्वताच्या कुशीत, यमुनोत्रीजवळ उगम पावते. तिच्या गाळात झिजलेला हिमालय आहे. हा चिमूटभर गाळ मुलाच्या तळहातावर ठेवावा; डोंगराची ओळख तेथूनच सुरू होते.

नदीच्या पलीकडे, शहराच्या पश्चिमेकडील ‘रिज’ हे अरवलीचे उत्तर टोक होय. तेथील खडकाळ, काटेरी रानात मोर आढळतो. १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी ठरलेला हा मोर आपल्या वसाहतीच्या नावातही आहे. नावावरून पक्षी, पक्ष्यावरून रान आणि रानावरून टेकडी, असा क्रम मुलांना सहज उमगतो.

त्यांना नावांची यादी पाठ करावयास लावू नये. कारण शोधावयास लावावे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून वर जाताना वनस्पती बदलतात. देवदाराच्या उतरत्या आकारावरून बर्फ घसरून पडते. हिमबिबट्याला दाट केसांची लांब शेपटी ऊब व तोल देते. सुटीत महाराष्ट्रात जाणाऱ्या मुलांना भीमाशंकरचा शेकरू दाखवावा. तो झाडावरून झाडावर जातो. वृक्षांची सलगता तुटली की त्याची वाटही तुटते. सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदाच फुलते. पाच वर्षांच्या मुलाला तिचा पुढचा बहर पाहण्यासाठी मोठे व्हावे लागेल, आणि तोवर तो उतारही शाबूत राहावा लागेल.

ही अट साधी नाही. राजस्थानात अरवलीच्या ३१ टेकड्या नाहीशा झाल्याची बाब २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क (छ) नुसार नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. मात्र ज्याची ओळखच नाही, त्याचे रक्षण कोण करणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे या पायाभूत टप्प्यात खेळ व शोध यांतून शिकण्यावर भर दिला आहे. डोंगराशी मैत्री जुळावी, ती याच वयात.